शोकेसमधला कुत्रा

कुत्र्याचा फोटो काढायचं यांच्या डोक्यात कुठून आलं, ते मला अजूनही सांगता येत नाही. आमचा स्वतःचा असा लग्नातला एकच फोटो होता आणि त्यातही माझे डोळे मिटलेले होते. तेव्हा आम्ही कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. हे शेतकी खात्यात कारकून. दिवसभर उसाच्या नोंदी करत सायकलवरून गावोगाव हिंडायचे. घरात आम्ही दोघंच, आणि दुष्काळाचं साल. नळाला पाणी आलं की सगळी वसाहत हातातलं काम टाकून भांडी भरायला धावायची.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी मी मागचं दार उघडलं, तर धुण्याच्या दगडाजवळ एक कुत्रा बसलेला. रंगानं तांबूस, छातीवर पांढरा पट्टा, एका कानाचं टोक तुटलेलं. जिकडेतिकडे धूळ उडत होती, ओलं म्हणून काही नजरेला पडत नव्हतं, आणि हा मात्र चिखलानं बरबटलेला. पाठीवरचा चिखल वाळून त्याची पापडी धरली होती, पोटाकडचा अजून ओला होता. कानांत माती, नाकपुड्यांत माती, दातांच्या फटींतसुद्धा माती. मी ओरडले तरी तो हलला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

"पाटात पडला असेल कुठल्या तरी," हे म्हणाले.

भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवलेलं होतं, ते मी त्याच्यावर ओतलं. तो उभा राहून धुऊन घेत होता. पाणी काळं होऊन वाहत होतं, तरी त्याच्या अंगातून माती निघतच होती. पुढे कितीतरी दिवस त्याला थोपटलं की हाताला बारीक माती लागायची.

राहिला तो आमच्याकडेच. गुणी होता, खाण्याची कटकट नव्हती, कुणावर धावून जायचा नाही. फक्त भुंकायचा नाही. घशात काही दुखापत असेल म्हणून यांनी गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जबडा उघडून पाहिलं आणि म्हणाले, काही नाही, चांगला आहे. वसाहतीतली बाकीची कुत्री त्याच्या वाटेला जात नसत. तो रस्त्यानं चालला की ती उठून पलीकडच्या कडेला जायची, तीही न भुंकता. शेजारच्या काकू हे बघून मला म्हणाल्या, "तुमचं हे कुत्रं चांगलं आहे हो, पण मला आवडत नाही." का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

आणखी एक होतं. तो घरात यायचा नाही. वैशाखातल्या दुपारी बाकीची जनावरं सावली शोधायची, हा भर उन्हात अंग पसरून पडायचा. एकदा यांनी मागं पपईचं रोप लावायला खड्डा घेतला. पहिली कुदळ पडली मात्र, हा उठला आणि कुंपणापलीकडे जाऊन उभा राहिला. खड्डा बुजवून वर पाणी घालेपर्यंत तिथंच उभा होता, थरथरत.

तर त्या कुत्र्याचा फोटो. यांनी एका रविवारी जाहीर केलं, की आज आपण तिघांनी कोपरगावला जायचं आणि याचा मोठा फोटो काढून आणायचा.

"तिघांचा?" मी विचारलं.

"नाही. एकट्याचा. नीट, स्टुडिओतला."

स्टुडिओ बाजारपेठेत, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर होता. खाली जिन्याजवळ काचेची शोकेस. तिच्यात नवरा-नवरी, न्हाण घातलेली बाळं आणि कोट घातलेले शेतकरी. फोटोग्राफर पन्नाशीचे, मेंदी लावलेले केस, हातात सतत विझलेली विडी. पूर्वी ते नगरला लष्करी छावणीजवळच्या स्टुडिओत होते.

"कुणाचा काढायचा?"

"याचा," हे म्हणाले.

फोटोग्राफर हसले. "काढू की. छावणीतल्या साहेब लोकांचे कुत्रे काढलेत मी. हे एवढाले. फोटो राहिला बाजूला, माझी विजार फाडायचे. हा चावतो का?"

"नाही. भुंकतसुद्धा नाही."

"मग वहिनी, हा फोटोसाठीच जन्माला आलाय."

वर न्यायला मात्र त्रास झाला. जिन्यापर्यंत तो आला आणि पुढे पाय उचलेना. शेवटी यांनी त्याला उचलूनच नेलं. आत खिडक्यांना काळे पडदे होते. समोर रंगवलेला मोठा पडदा, त्यावर तळं, संगमरवरी पायऱ्या आणि दोन हंस. त्याच्यापुढे एक स्टूल, त्यावर फुलाफुलांचं कापड. यांनी कुत्र्याला त्या स्टुलावर बसवलं. फोटोग्राफरांनी दार लोटलं, पडदा सारखा केला, तेव्हा क्षणभर पूर्ण काळोख झाला. मग दिव्यांची बटणं दाबल्याचा आवाज आला आणि दोन्ही बाजूंचे मोठे दिवे लागले.

कुत्रा अंधार होण्यापूर्वी जसा बसला होता, तसाच होता. म्हणजे अगदी तसाच. एक पंजा थोडा पुढे, मान किंचित वर. दिव्यांच्या झोतात त्यानं डोळेही मिचकावले नाहीत.

फोटोग्राफर काळ्या कापडाखाली गेले. त्यांनी तोंडानं आवाज केला, टाळी वाजवली, बाळांना दाखवायचा खुळखुळा हलवला. कान हलला नाही. ते कापडाबाहेर आले, कॅमेऱ्यावरून त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा आत गेले आणि पुन्हा बाहेर आले.

"वहिनी, जरा हात लावून बघता का? श्वास घेतोय ना?"

मी जाऊन त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. इतक्या तापलेल्या दिव्यांखाली तो गार लागला. हाताखाली काही हललं, किंवा मला तसं वाटलं.

"घेतोय," मी म्हटलं.

फोटो निघाला. फोटोग्राफरांनी दार उघडलं तसा कुत्रा स्टुलावरून उतरला आणि जिना उतरून खाली रस्त्यावर, उन्हात जाऊन बसला. फोटोग्राफर खिडकीचा पडदा सारून त्याच्याकडे बघत होते.

"इतकी वर्षं हे काम करतोय," ते म्हणाले. "माणूस कितीही सांगितलं तरी थोडा हलतोच. इतकं स्वस्थ कोण बसतं सांगू? ज्यांचा फोटो काढायला आम्हाला घरी बोलावतात ना, शेवटचा, उचलण्याआधी... तेच." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी विषय बदलला.

पुढच्या आठवड्यात आम्ही फोटो आणायला गेलो. त्यांनी दोन प्रती टेबलावर ठेवल्या. पहिलीत कुत्रा स्वच्छ आला होता, छातीवरचा एकेक केस मोजून घ्यावा इतका. पण बघितल्याबरोबर मला तो फोटो उलटा करून ठेवावासा वाटला.

"डोळे बघा," फोटोग्राफर म्हणाले. "दोन दिवे समोर होते. जिवंत डोळ्यात दिव्याचा ठिपका पडतोच. तान्ह्या पोराच्या पडतो, आंधळ्याच्यासुद्धा पडतो. याच्यात नाही."

खरंच नव्हता. दोन काळे खड्डे, बस. दुसऱ्या प्रतीत त्यांनी बारीक कुंचल्यानं प्रत्येक डोळ्यात पांढरा ठिपका दिला होता. तेवढ्यानं तो कुत्रा आता भुंकेल की मग भुंकेल असा दिसत होता. आणि तो आमचा वाटत नव्हता.

हे बराच वेळ दोन्हींकडे बघत बसले. मग ठिपके नसलेला फोटो उचलून म्हणाले, "आम्हाला हाच द्या. आमचा असाच आहे." दुसरा फोटोग्राफरांनी ठेवून घेतला आणि आम्हाला विचारून खाली शोकेसमध्ये लावला. नवरा-नवरीच्या फोटोंच्या बरोबर मध्ये. बाजाराच्या दिवशी लोक थांबून बघायचे.

आमचा फोटो यांनी खिळा ठोकून भिंतीवर लावला. मी केर काढताना त्याच्याकडे बघायचं टाळायची.

एका दुपारी एक नवरा-बायको आमच्या दाराशी येऊन उभे राहिले. दोघंही चाळिशी ओलांडलेले. नवरा अंगापिंडानं मजबूत, डोक्याला पटका. बाई बारीक, पदर घट्ट धरलेली. नदीपलीकडच्या एका गावचे बागायतदार होते.

"सायेब, फोटूवाल्यानं ठिकाना सांगितला," तो माणूस म्हणाला. "त्येच्या काचंत कुत्र्याचा फोटू हाय. त्यो कुनाचा?"

"आमचा," हे म्हणाले. "का हो?"

"कुत्रं कुठं हाय?"

"मागं आहे. उन्हात पडलाय."

बाई लगेच घराला वळसा घालून मागं निघाली. तो मात्र जागचा हलेना. हे त्याला बसा म्हणाले, तो बसला नाही. म्हणाला, "आमचं बी असंच हुतं. असाच पट्टा. कानबी असाच. पर त्ये मेलं. साप चावला. म्या पुरला त्येला, ह्या हातानं."

तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. तिनं कुत्र्याला हाक मारली होती. आम्ही त्याला ज्या नावानं हाक मारायचो त्याहून ते नाव वेगळं होतं. आम्ही तिघंही मागं गेलो. कुत्रा उठून उभा होता आणि ती त्याचा तुटका कान दोन बोटांत धरून बसली होती.

"बारकं हुतं तवा घुशीनं कुरतडला हुता," ती मला म्हणाली. "ह्यो बगा, हितं." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज शांत होता. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "खड्डा केवडा घेतला हुता वो?"

"आता त्ये कशाला?"

"मी म्हायेराला हुते. मी बगितलं न्हाई. केवडा घेतला हुता?"

"दिस बुडत हुता," तो आम्हाला सांगू लागला, तिला नाही. "पाटाला पानी सुटायचं हुतं. माजी पाळी हुती. येवड्या दुष्काळात पाळी चुकली आसती तर समदा ऊस वाळला आसता. ह्ये बांधावर पडल्यालं, त्वांडाला फेस, अंग लाकडावानी. बांधाच्या कडंला खड्डा घेतला, वर माती वडली आन् गेलो पानी धरायला."

"केवडा?"

त्यानं हात खाली नेला. पोटरीच्या मध्यावर कुठंतरी थांबला.

"आन् पानी त्याच वाफ्यात सोडलं," बाई म्हणाली.

मला पहिल्या दिवशीची ती माती आठवली. यांना कुठल्याही प्रसंगी बोलल्याशिवाय राहवत नसे. ते म्हणाले, "म्हणजे तो तेव्हा जिवंत..." मी त्यांचा हात दाबला, पण उशीर झाला होता.

"न्हाई!" तो माणूस केवढ्यांदा तरी ओरडला. "मेल्ता त्यो! मेल्यालं मला कळत न्हाई व्हय? म्या बापाला उचलला, भावाला उचलला. मेल्ता म्हंजे मेल्ता."

"मग ह्यो कोन हाय?" बाईनं विचारलं.

"ह्ये त्ये न्हाई."

तेव्हा कुत्रा तिच्या हातातून निघाला. मला वाटलं तो नेहमीसारखा लांब जाऊन पडेल. तो सरळ त्या माणसापाशी गेला, वळला आणि त्याच्या पायाला पाठ टेकवून बसला. आमच्याकडे इतके महिने होता, पण असा टेकून तो कधी कुणाजवळ बसला नव्हता. त्या माणसानं दोन्ही हात वर उचलून धरले, छातीपर्यंत पाण्यात उतरल्यासारखे. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"सायेब, ह्येला काडा," तो हळू म्हणाला. "ह्येला काडा माज्यापासून."

यांनी कुत्र्याला ओढून बाजूला घेतलं. तो माणूस मागं वळून न बघता फाटकाबाहेर गेला. बाई उठली, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्यामागं निघाली. कुत्रा फाटकापर्यंत गेला आणि उभा राहिला.

रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही. हे पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, की सापाच्या विषानं जनावर मेल्यासारखं पडतं, अंग ताठ होतं, मग विष उतरलं की उठतं, असं होतं, यात काही विशेष नाही. ते खरंच असेल. पण ओल्या मातीतून वर येताना त्या जनावराला काय वाटलं असेल, हा विचार मला भुतापेक्षा वाईट वाटत होता. आणि त्या माणसालाही तसंच वाटत असणार, हे माझ्या लक्षात आलं. हा कुत्रा मेलेला ठरला, तरच त्याला निभावून नेता येणार होतं.

काही दिवसांनी ती बाई एकटीच आली. मी चहा ठेवला. ती ओट्यावर बसली, कुत्रा तिच्यापासून जरा लांब, उन्हात.

"त्यांनी उकारलं," ती म्हणाली. "मला पान्याला धाडलं आन् उकारलं. मी येस्तवर बुजवूनबी टाकलं. म्हनत्यात, हाय. समदी हाडं हायती जागच्या जागी."

"तुम्ही पाहिलीत?"

"न्हाई."

"मग बघायचं ना!"

ती माझ्याकडे बघून थोडी हसली. "ताई, मी बगते म्हनले आसते तर त्यांनी पुन्यांदा उकारलं आसतं. म्हनून न्हाई म्हनले."

मी चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. मग विचारलं, "न्यायला आलात का याला?"

"कसा नेऊ? बांधावर एक हाय म्हनत्यात. दोन कुठं ठिवू?"

तिला हवा होता फोटो. विचारायला हे घरी नव्हते, पण मी भिंतीवरचा काढून दिला. खरं सांगायचं तर तो घरातून जातोय याचं मला बरं वाटलं. तिनं तो दोन्ही हातांत धरून निरखला. मला वाटलं ती दचकेल. ती म्हणाली, "ह्यो बरूबर हाय. त्यो काचंतला तुमचा. ह्यो आमचा." आणि पदराखाली झाकून घेऊन गेली. जाताना कुत्र्याला हात लावला नाही.

पाऊस झाल्यावर यांना उसाच्या नोंदीसाठी त्या गावाला जायचं होतं. मी सायकलवर मागं बसून सोबत गेले. कुत्रा आपणहून मागं पळत आला. त्याला परतवायचा प्रयत्न केला, पण ऐकेना.

त्यांचं घर वस्तीवर, उसाच्या फडाला लागून होतं. पडवीत भिंतीवर आमचा फोटो होता. त्याला काळी चौकट केली होती, वर झेंडूचा हार, कपाळाच्या जागी काचेवर कुंकवाचं बोट. खाली उदबत्ती जळत होती. आणि अंगणात, फोटोच्या समोर, तो कुत्रा स्वतः उभा होता, पळून पळून धापा टाकत.

तो माणूस बाहेर आला. "या सायेब, बसा," म्हणाला. घोंगडी टाकली. पाऊसपाण्याचं बोलला, उसाचं बोलला, यांना लागेल ती माहिती दिली. आमच्या दोघांकडे नीट बघून बोलत होता. अंगणाकडे मात्र त्यानं एकदाही पाहिलं नाही. कुत्रा पडवीच्या पायरीशी येऊन बसला. त्याला चुकवून जायला म्हणून तो माणूस पाणी घ्यायला घंगाळापर्यंत भिंतीच्या कडेनं गेला, तेही बोलता बोलता, जणू ती वाटच तशी होती.

आम्ही निघालो, तेव्हा बाईनं घरातून येऊन अंगणात अर्धी भाकरी टाकली.

"कुनाला टाकतीस?" त्यानं विचारलं.

"कुनाला न्हाई."

कुत्र्यानं भाकरी खाल्ली. तो माणूस त्या वेळी फोटोपुढची उदबत्तीची राख बोटानं गोळा करत होता. नंतर कुत्रा आमच्या सायकलमागं आला. तिथं राहिला असता तर मला नवल वाटलं नसतं, पण आला.

पुढे यांना नगरला दुसरी नोकरी लागली. सामानाच्या ट्रकमध्ये मागं, उघड्यावर, तोही आला. नगरच्या घराला मागं मोठं परस होतं. तिथं तो आणखी काही वर्षं राहिला. म्हातारा झाला, दिसायचं कमी झालं, तरी उन्हाची जागा बरोबर शोधायचा. भुंकला शेवटपर्यंत नाही. एका सकाळी तो त्याच जागेवर पडलेला होता आणि उठला नाही.

मी यांना हाक मारली. यांनी खाली बसून त्याच्या नाकाशी हात धरला, मग कान लावला. मग घरातून छोटा आरसा आणून नाकाशी धरला. त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. परसात खुर्ची टाकून बसून राहिले. संध्याकाळी मी विचारलं, "पुरायचं ना आता?" ते म्हणाले, "अंग ताठ झालंय. पण ते तसंही होतं." दुसऱ्या दिवशी माश्या घोंगावायला लागल्या, तेव्हा भिंतीवरून शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावून विचारलं, "कुत्रं मेलंय ना हो तुमचं?" यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आम्ही थोडं थांबतो," मी शेजारच्या बाईंना म्हटलं.

दुपारनंतर वास इतका सुटला, की शंकेला जागा उरली नाही. तेव्हा यांनी स्वतः कुदळ घेतली. गडी लावू म्हटलं तर ऐकेनात. छातीइतका खोल खड्डा घेतला. मला त्यांचं नुसतं डोकं आणि खांदे दिसत होते आणि माती वर येऊन पडत होती. पुरून झाल्यावर त्यांनी हातपाय धुतले, कपडे बदलले, आणि खुर्ची उचलून पुन्हा तिथंच ठेवली.

दिवेलागणीला मी चहा घेऊन परसात गेले. ते खुर्चीवर पुढे वाकून बसले होते, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर, मान एका बाजूला कललेली, कान मातीकडे. माझी चाहूल लागली तशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मी कप हातात धरून जागच्या जागी उभी राहिले.